रिकामे परत कोण नेणार?

पुनर्वापराचे वेष्टन या शब्दप्रयोगात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत आणि ऑनलाइन खरेदीचा विचार करताना त्या आधी वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मागवलेली वस्तू ज्या खोक्यातून आली ते खोके घरातच दुसऱ्या कामाला लावणे, ही पहिली गोष्ट. आणि तेच खोके किंवा पिशवी रिकामी होऊन पाठवणाऱ्याकडे परत जाणे, तेथे तपासून-पुसून पुन्हा भरली जाणे आणि तिसऱ्याच कोणाच्या दारात पार्सल म्हणून उतरणे, ही दुसरी. पहिल्या अर्थाने मराठी घरांना कोणी पुनर्वापर शिकवायला नको. मिक्सरच्या खोक्यात जुनी बिले असतात, टीव्हीच्या खोक्यात मखराचे सामान माळ्यावर चढते, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून रद्दीत जातात आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ या एका वाक्यावर निम्मा माळा भरलेला असतो. दुसऱ्या अर्थाने मात्र प्रश्न अवघड होतो, कारण तेथे वेष्टन ग्राहकाच्या मालकीचे राहत नाही. ते काही काळ त्याच्याकडे मुक्कामाला आलेले असते आणि त्याला वेळेवर निरोप द्यायचा असतो. असा निरोप देण्याची ग्राहकाची तयारी किती आणि ती कशावर अवलंबून असते, हा गेल्या दशकभरात युरोपातील आणि अमेरिकेतील काही व्यापारी प्रयोगांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

तयारी मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे विचारणे. ‘परत पाठवता येणाऱ्या पिशवीतून माल आला तर चालेल का’ या प्रश्नाला नकार देण्याचे कारण सहसा कोणाकडे नसते. होकाराला काही पडत नाही आणि नकारात आपण बेफिकीर दिसतो. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेला ‘नियोजित वर्तनाचा सिद्धांत’ या क्षेत्रातील अभ्यासांत वारंवार वापरला जातो. माणसाचा हेतू तीन गोष्टींतून घडतो असे तो सांगतो: त्या कृतीबद्दलचे त्याचे मत, आपल्या माणसांना ती कृती कशी वाटेल याचा अंदाज आणि ती कृती आपल्या हातून होण्यासारखी आहे की नाही याची जाणीव. यातील तिसऱ्या घटकाकडे, म्हणजे ‘जमेल का’ या प्रश्नाकडे, सर्वेक्षणात सर्वांत कमी लक्ष जाते, कारण उत्तर देताना रिकामी पिशवी हातात नसते. हेतू आणि वर्तन यांत किती अंतर पडते, याचा पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, तेव्हा माणसामाणसांच्या वर्तनात दिसणाऱ्या फरकांपैकी सरासरी २८ टक्केच फरक त्यांच्या हेतूवरून उलगडतो असे दिसले. उरलेला फरक सवय, विसर, सोय, अंतर आणि घाई यांच्या खात्यावर जमा होतो. परतीच्या वेष्टनाचे भवितव्य मुख्यतः याच खात्यात ठरते, असे येथे म्हणायचे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडमध्ये सापडते. हेलसिंकी येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या रिपॅक या कंपनीने कपड्यांसारख्या न फुटणाऱ्या वस्तूंसाठी एक पिवळी पिशवी तयार केली. पुनर्चक्रित पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्याच जातीच्या पण अधिक नेटक्या प्लास्टिकची, ही पिशवी किमान २० फेऱ्या टिकावी अशी कल्पना होती. ग्राहकाने दुकानाच्या संकेतस्थळावर खरेदी पूर्ण करताना हा पर्याय निवडायचा, माल आला की पिशवी रिकामी करायची, घड्या घालून ती लिफाफ्याएवढी करायची आणि जवळच्या टपालपेटीत टाकायची; पत्ता तिच्यावरच छापलेला आणि टपालखर्च आधीच भरलेला. परत आलेली पिशवी तपासली जाई, स्वच्छ होई आणि पुन्हा दुकानांकडे रवाना होई. परत करणाऱ्याला पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन मिळे. या सगळ्या रचनेत कापडाच्या किंवा रंगाच्या निवडीपेक्षा घडीचे महत्त्व मोठे आहे. पिशवी लिफाफ्याएवढी झाली नसती तर ती टपालपेटीच्या फटीतून आत गेली नसती, ती आत गेली नसती तर ग्राहकाला टपाल कार्यालयाच्या वेळेत तेथे जाऊन रांगेत उभे राहावे लागले असते, आणि मग उत्तम हेतूचा ग्राहकही ती पिशवी ‘उद्या नेऊ’ म्हणून दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवता. ग्राहकाची तयारी एका फटीच्या रुंदीवर अवलंबून होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फारशी नाही.

ती फटही कायमची नसते. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने २०२५ अखेर पत्रवाटप बंद करण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या जूनपासून देशभरातील सुमारे १,५०० टपालपेट्या हटवायला सुरुवात केली. लोक पत्रे लिहीत नाहीत म्हणून पेट्या जातात आणि पेट्या जातात म्हणून त्यांच्या भरवशावर आखलेली परतीची वाट अरुंद होते. यात ग्राहकाच्या मताचा कोठेही संबंध येत नाही.

परतीच्या प्रमाणाला एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. टिकाऊ पिशवी बनवायला एकदाच वापरायच्या पिशवीपेक्षा अधिक कच्चा माल आणि ऊर्जा लागते, शिवाय परतीचा प्रवास आणि स्वच्छता यांचाही भार पडतो. तेव्हा ती काही ठराविक फेऱ्या झाल्यावरच पर्यावरणाच्या हिशेबात नफ्यात येते. समजा पिशवी कधीच फाटत नाही, पण प्रत्येक फेरीत शंभरांतील ९० पिशव्याच परत येतात. १०० पिशव्यांपासून सुरुवात केली तर दुसऱ्या फेरीला ९० उरतात, तिसऱ्या फेरीला ८१, चौथ्या फेरीला ७३ च्या आसपास, आणि सगळी बेरीज केली तर एका पिशवीच्या वाट्याला सरासरी १० फेऱ्या येतात. परतीचे प्रमाण ७५ टक्के असेल तर हीच सरासरी ४ वर येते आणि ५० टक्के असेल तर अवघी २. उलट प्रमाण ९५ टक्क्यांवर नेले तर ती २० होते. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना फक्त पाच टक्क्यांची वाढ दिसते, पण पिशवीचे आयुष्य दुप्पट होते. पिशवी शंभर वेळा वापरता येईल इतकी मजबूत आहे, अशी जाहिरात करणाऱ्यांनी हा हिशेब ग्राहकासमोर ठेवलेला सहसा आढळत नाही. चार ग्राहकांपैकी एकाने पिशवी परत केली नाही तर त्या मजबुतीतील बहुतेक भाग कोणाच्या तरी कपाटात स्वेटर सांभाळत पडून राहतो. आणि पिशवी जितकी देखणी, तितकी ती कपाटात राहण्याची शक्यता अधिक.

परतीचे प्रमाण वाढवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे ठेव, म्हणजे बोलीभाषेतील डिपॉझिट. बक्षिसापेक्षा ठेव अधिक परिणामकारक ठरावी, याचे कारण डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते: दहा रुपये मिळण्याच्या आनंदापेक्षा खिशातले दहा रुपये जाण्याचे दुःख माणसाला मोठे वाटते. तमिळनाडूतील नीलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून सरकारी मद्यदुकानांत प्रत्येक बाटलीमागे १० रुपये अधिक घेतले जाऊ लागले आणि रिकामी बाटली आणून दिल्यावर ते परत मिळू लागले, तेव्हा जंगलात आणि उतारांवर फुटून पडणाऱ्या बाटल्यांपैकी बहुतांश दुकानांकडे वळल्या. यात ठेवीइतकाच वाटा आणखी एका गोष्टीचा आहे, ती म्हणजे ग्राहक त्याच दुकानात पुन्हा येणार याची जवळजवळ खात्री. गोव्याने २०२४ मध्ये अधिसूचित केलेली ठेव-परतावा योजनाही ठेवीच्याच तत्त्वावर बेतलेली आहे. ऑनलाइन दुकानात मात्र ठेवीची एक अडचण होते: पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर बिल अचानक फुगलेले दिसते, आणि ती रक्कम परत मिळणारी आहे हे वाचण्याआधीच ग्राहक मागे फिरलेला असू शकतो. म्हणून विक्रेत्यांना कूपन आवडते आणि परतीच्या प्रमाणाला ठेव हवी असते. हा पेच अजून नीट सुटलेला नाही.

टेरासायकल या अमेरिकी कंपनीचे संस्थापक टॉम साकी यांनी जानेवारी २०१९ मध्ये दावोस येथे जाहीर केलेला लूप हा उपक्रम ठेवीच्या बाजूने उभा होता. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क परिसरात आणि पॅरिसमध्ये तो सुरू झाला. शाम्पू, चहा, बिस्किटे आणि आइस्क्रीम अशा नित्याच्या वस्तू टिकाऊ डब्यांत भरून, आत कप्पे केलेल्या जाड पिशवीतून घरी येत. हेगन-डाझ या आइस्क्रीमसाठी तर दुहेरी भिंतीचा पोलादी डबा खास तयार केलेला होता. प्रत्येक डब्यामागे ठेव घेतली जाई आणि भरलेली पिशवी ठेवून रिकामी उचलून नेण्याचे काम कुरिअर कंपनी करी. या उपक्रमाला साकी दूधवाल्याच्या जुन्या पद्धतीचे नवे रूप म्हणत. परंतु जुना दूधवाला रोज येत असे, एकाच वस्तूचा व्यापार करीत असे आणि त्याच्या बाटल्या सगळ्या एका मापाच्या असत. लूपच्या पिशवीत वीस घरांच्या वीस आवडी, निरनिराळ्या आकारांचे डबे आणि पाच-सहा प्रकारच्या ठेवी एकत्र आल्या होत्या. पुढे लूपचा भर घरपोच विक्रीवरून दुकानांकडे वळला. ब्रिटनमध्ये टेस्कोबरोबर २०२० मध्ये ऑनलाइन सुरू झालेला प्रयोग २०२१ मध्ये दहा दुकानांत गेला आणि २०२२ मध्ये थांबला. किराणा घ्यायला आठवड्याला जाणारा माणूस रिकामा डबा सोबत नेऊ शकतो, हा तर्क त्या वळणामागे होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

ग्राहकाच्या मनातील अडसरांमध्ये स्वच्छतेची शंका नेहमी पहिल्या क्रमांकावर सांगितली जाते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी ‘संसर्गाचा नियम’ या नावाने वर्णन केलेली एक जुनी मानवी धारणा अशी की, दोन वस्तूंचा एकदा स्पर्श झाला की तो संपल्यावरही त्याचा काही अंश उरतो. मराठीत उष्टे, खरकटे, ओवळे असे कितीतरी शब्द या धारणेभोवतीच आहेत आणि दुसऱ्याने हाताळलेल्या पिशवीबद्दलची नाराजी त्या शब्दांच्या घरातलीच आहे. पण याच घरात पितळेचे आणि पोलादाचे भांडे घासले की निर्मळ होते अशीही खात्री आहे, आणि शेजारून पदार्थ घालून आलेले भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, अशी रीतही आहे. म्हणजे परत जाणाऱ्या भांड्याची संस्कृती येथे जुनीच आहे. फक्त ते भांडे कोणाचे आहे हे त्या व्यवहारात माहीत असते.

स्वच्छतेच्या शंकेमागे भारतीय ग्राहकाच्या बाबतीत आणखी एक भीती दडलेली असते आणि ती अधिक बळकट असावी असे दिसते: माल बदलला गेल्याची भीती. मोबाइल मागवला आणि साबणाची वडी निघाली, अशा बातम्या वाचलेला ग्राहक खोके उघडताना चित्रफीत काढतो, टेपची कड उचकटलेली नाही ना हे पाहतो आणि मगच कात्री घेतो. अशा माणसाला कोपऱ्यांवर मळलेली, पूर्वी उघडलेली आहे हे उघड दिसणारी पिशवी दिली तर त्याच्या मनात पर्यावरणाचा विचार शेवटी येईल. या ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरकडे पाहणे उपयोगी ठरते, कारण भारतात घरोघरी पोचलेले सर्वांत यशस्वी परतीचे वेष्टन तेच आहे आणि त्याला कोणी वेष्टन म्हणतही नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडरला पोचे असतात, रंग उडालेला असतो, तो आधी कोणाच्या ओट्याखाली होता हे कोणाला ठाऊक नसते आणि कोणी विचारतही नाही. विचारले जाते ते तोंडावरच्या सीलबद्दल आणि वजनाबद्दल. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर इंग्रजी ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशा क्रमाने ती तिमाही आणि ते वर्ष पुढच्या तपासणीची मुदत सांगतात. वेष्टन जुने, पण सील नवे आणि तपासणीची खूण उघड्यावर, एवढ्याने विश्वास बसतो. परतीच्या पिशव्या घडवणाऱ्यांनी पिशवी नवी दिसावी म्हणून जेवढी खटपट केली, तेवढी एकदाच तुटणाऱ्या, नजरेत भरणाऱ्या सीलसाठी केलेली दिसत नाही.

भारतीय ग्राहकाला वेष्टन परत करण्याची निकड वाटत नाही याचे आणखी एक कारण त्याच्या दारावरच हाक मारत येते. पुठ्ठ्याला येथे किलोमागे भाव आहे. रद्दीवाला किंवा भंगारवाला तो नेतो, सोसायटीत मदतनीस बाजूला काढून ठेवतात, आणि पुण्यात २००८ पासून महापालिकेबरोबर काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासदांच्या कमाईत पुठ्ठ्याचा वाटा असतो. खोके वाया जात नाही असे ग्राहकाला वाटते ते निराधार नाही. ज्या वस्तूला या साखळीत फारसे कोणी विचारत नाही ती म्हणजे कपडे आणि पुस्तके ज्यातून येतात ती करडी, आतून काळी प्लास्टिकची पिशवी: ती एकदाच फाडून उघडावी अशीच केलेली, वर कागदी लेबल घट्ट चिकटलेले, आणि तो कागद सोलून काढल्याशिवाय तिच्या प्लास्टिकला चांगला भाव नाही. परतीच्या वेष्टनाने बदलण्यासारखे काही असेल तर ती ही पिशवी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याशी त्याने आधी भांडण काढण्याचे कारण नाही.

कायद्यांनी मात्र रेषा वेगळ्याच ठिकाणी ओढल्या आहेत. युरोपीय संघाचा वेष्टन आणि वेष्टन-कचरा नियम ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला आणि त्याच्या बहुतांश तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतात. २०३० पासून मालवाहतुकीच्या वेष्टनांपैकी किमान ४० टक्के वेष्टने पुनर्वापराच्या व्यवस्थेतील असावीत असे तो सांगतो, त्यात ऑनलाइन व्यापारही येतो. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांना त्यातून सूट आहे आणि कागदउद्योगाने त्यासाठी केलेला आग्रह लपून राहिलेला नव्हता. त्याच नियमात पार्सलमधील मोकळी जागा ५० टक्क्यांहून अधिक असू नये अशीही अट आहे, जी लिपस्टिकसाठी बुटांचे खोके मिळालेल्या कोणालाही पटेल. भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या विस्तारित उत्पादक-जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी, म्हणजे वस्तू बाजारात आणणाऱ्यानेच तिच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी या तत्त्वावरच्या नियमांनी, पुनर्वापराचे बंधन घातले ते कडक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यांवर आणि कॅनवर. लवचिक प्लास्टिकच्या पिशव्या दुसऱ्या वर्गात मोडतात आणि पुनर्वापराचे बंधन तेथपर्यंत पोचत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचा उल्लेख व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अचूकतेसाठी होतो; येथे तो परतीसाठी करायचा आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या आणि मावळ, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या भागांतील माणसांनी वाढवलेल्या या व्यवस्थेत कोरोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत असत असे सांगितले जाई. दुपारी जेवण झाले की तोच डबा, झाकणावरच्या त्याच खुणांच्या आधारे, उलट्या वाटेने संध्याकाळच्या आत घरी जातो. या व्यवस्थेत ग्राहकाच्या तयारीचा प्रश्न कधी उपस्थितच झाला नाही. डबा परत करण्यासाठी त्याला काही ठरवावे, आठवावे किंवा कोठे जावे लागत नाही. जो माणूस आणतो त्याच्याच साखळीतील माणूस न्यायला येतो. आरे दूधकेंद्रावर रिकाम्या बाटल्या देऊन भरलेल्या घेणाऱ्या पिढीलाही कोणी पर्यावरणप्रेमी म्हटले नव्हते. रिकामी बाटली नेली नाही तर दूध घेण्यात अडचण येई, एवढे पुरेसे होते.

आजच्या ऑनलाइन व्यापारात या साखळीचे तुकडे विखुरलेले आढळतात. महागड्या वस्तूंसाठी काही कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’त पार्सल आणणारा माणूस ग्राहकासमोर खोके उघडतो, वस्तू दाखवतो आणि मगच ओटीपी घेतो, त्या क्षणी बाहेरचे वेष्टन रिकामे झालेले असते, माल बदलल्याची शंका संपलेली असते आणि ते परत नेऊ शकणारा माणूस दारातच उभा असतो. बिगबास्केटसारख्या किराणा सेवांनी क्रेटमधून सामान आणून दारातच ते रिकामे करण्याची पद्धत वापरली आहे आणि तीत क्रेट त्याच फेरीत परत जातो. न आवडलेला कपडा परत न्यायला येणारा माणूस तर ग्राहकाच्या घरी रिकाम्या हातांनीच येतो. नेदरलँड्समधील मड जीन्स ही कंपनी रिपॅकच्या पिशवीतून नवी जीन्स पाठवी आणि ग्राहकाने जुनी जीन्स त्याच पिशवीत घालून परत पाठवावी अशी सोय ठेवी, म्हणजे पिशवीला परतीच्या वाटेवर ओझे मिळे आणि ग्राहकाला ती परत करण्याचे स्वतःचे कारण. दहा-पंधरा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या सेवांची डार्क स्टोअर्स, म्हणजे ग्राहकांसाठी बंद असलेली वस्तीतील छोटी गोदामे, घरापासून दोन-तीन किलोमीटरवर असतात. तेथून निघालेला स्वार तेथेच परत जातो आणि त्याची पाठीवरची पेटी त्या वाटेवर बहुधा रिकामी असते.

ती पेटी भरायची तर दारात थांबावे लागते. रिकामी पिशवी शोधून आणेपर्यंत ग्राहकाला दोन मिनिटे लागतात, पिशवीवरचा कोड स्कॅन करायला आणखी अर्धे, आणि गोदामात ती मोजून द्यायला पुन्हा रांग. डबेवाल्याच्या महिन्याच्या पैशांत रिकामा डबा घरी पोचवण्याची मजुरी पहिल्यापासून धरलेली असते. पार्सलमागे ठरलेल्या रकमेवर काम करणाऱ्या स्वाराच्या मोबदल्यात परतीच्या पिशवीसाठी वेगळा रकाना नसेल, तर ती दोन मिनिटे त्याच्या पुढच्या ऑर्डरमधून जातील, आणि पिशवी तयार ठेवून दाराशी उभ्या असलेल्या ग्राहकाला तो जिन्यावरून उतरता उतरताच ‘नंतर द्या’ म्हणेल.